तारेचं माप

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये माझी लेक राहते. दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, ईशान्येला तोंड केलेली छोटी बाल्कनी. यंदा उन्हाळ्यात मी आणि माझा धाकटा भाऊ तिच्याकडे राहायला होतो. भावाची उभी हयात सासवडला टीव्ही दुरुस्त करण्यात गेली. लेकीनं नुकतीच केबल बंद केली होती आणि कपड्यांच्या तारेच्या हँगरांपासून अँटेना करायचं तिनं मनावर घेतलं होतं. त्यावरून मामा-भाचीची जी जुंपली, ती पुढे दिली आहे. दोघांनाही आपलं म्हणणं अगदी मनापासून पटलेलं होतं. मी भाजी निवडता निवडता ऐकत होते; जिथे राहवलं नाही तिथे मध्ये बोललेही.

मामा: कपाट रिकामं करून हे हँगर कशाला मांडलेस?

भाची: अँटेना करणार आहे. केबलचे महिन्याला शंभरावर डॉलर जात होते. बातम्या, हवामान, रविवारची मॅच, पीबीएस ह्या सार्वजनिक वाहिनीचे माहितीपट, हे सगळं न्यूयॉर्कच्या वाहिन्या हवेतून फुकट सोडतात. एम्पायर स्टेट बिल्डिंगवरून आणि वन वर्ल्ड ट्रेड सेंटरवरून. इथून सरळ रेषेत चाळीसएक किलोमीटर.

मामा: सोडतात हे कळलं. पण दुकानात तयार अँटेना मिळत नाही का?

भाची: मिळतो की. वीस-तीस डॉलरला.

मामा: मग तो आण. विषय संपला.

भाची: मला माझ्या हातानं करायचाय. तूही तेच करायचास ना? मी सगळ्या मैत्रिणींना सांगते, माझ्या मामानं छत्रीच्या काड्यांपासून अँटेना केलेत.

मामा: ते सांगत जाऊ नकोस.

मी मान वर करून पाहिलं. भाऊ सहसा असं तोडून बोलत नाही.

भाची: का रे?

मामा: कारण त्यात मिरवण्यासारखं काही नव्हतं. मुंबईचं दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं. पुढच्या वर्षी सिंहगडावर टॉवर आला, मुंबईचेच कार्यक्रम पुण्याच्या बाजूला सोडायला. सासवडहून गड पश्चिमेला, तीसएक किलोमीटर. माझ्याकडे खरी गर्दी झाली ती १९८२च्या पुढे, रंगीत टीव्ही आल्यावर, आणि १९८७ला ‘रामायण’ लागलं तेव्हा तर विचारूच नकोस. माणूस हप्त्यावर सेट आणायचा. सेट घरात आला की हात रिकामा. मग अँटेनासाठी कुणी पडद्याचा पाइप घेऊन यायचा, कुणी मोडकी छत्री, कुणी सायकलची रिम. ‘भाऊ, ह्याच्यातच काहीतरी बसवा.’ मी बसवून द्यायचो. वारा सुटला की त्याचं तोंड फिरायचं. पावसाळ्यात जोड गंजायचे आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या. लोक पुन्हा माझ्याच दारात. चांगला अँटेना परवडत नव्हता म्हणून ते केलं. परवडला असता तर एकानंही छत्री मोडली नसती. आणि आता तुम्ही त्याला जुगाड म्हणून टाळ्या वाजवता. नाइलाजाला नाइलाजच म्हणावं.

त्याचं हे म्हणणं मला आतून पटतं. आम्ही जे पैशाअभावी केलं, ते पुढच्या पिढीनं गंमत म्हणून सांगितलं की कुठेतरी टोचतं. शनिवारी संध्याकाळी मराठी सिनेमा बघायला शेजारच्या घरात दाटीवाटीनं बसलेली माणसं हौसेनं दाटीत बसली नव्हती. पण लेकीचं उत्तरही ऐकण्यासारखं होतं.

भाची: नाइलाज अख्ख्या गावाचा होता, मामा. चित्र मात्र तुझ्याच हाताला यायचं. तीच रिम दुसऱ्या कुणी लावली असती तर आलं असतं?

मामा: नसतं आलं.

भाची: मग मी कौतुक कशाचं करते? छत्रीचं नाही करत.

मामा: (जरा वेळानं) रिमनं काही होत नाही. लोकांना वाटायचं, जितका धातू जास्त तितका टीव्ही साफ. अँटेनाला ॲल्युमिनियमच्या ताटल्या टांगायचे, पातेल्यांची झाकणं बांधायचे. धातूच्या ढिगाला लहर विचारत नाही. लांबीला विचारते.

भाची: तेच सांग मला.

मामा: केंद्र ज्या मेगाहर्ट्झवर असेल त्या आकड्यानं तीनशेला भाग. लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. तिच्या निम्मी तार घेतलीस, मधोमध तोडलीस आणि तोडलेल्या दोन टोकांना केबल जोडलीस, की झाला डायपोल. तार निम्म्याहून किंचित आखूड ठेवायची, शंभराला चार-पाच इतकी. म्हणून आम्ही दीडशेला न भागता थेट एकशे त्रेचाळीसला भागायचो. लहर तारेवरून जाते तेव्हा तारेतले इलेक्ट्रॉन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हेलकावे घेतात. लांबी जुळली की लहरीचा पुढचा धक्का नेमक्या वेळी येतो आणि हेलकावा वाढतो, झोपाळ्याला वेळेवर झोका दिल्यासारखा. लांबी जुळली नाही की लहर येते आणि निघून जाते. तुझी छत्री, तुझा पाइप, तुझा हँगर, सगळे त्या मापाला बांधलेले.

भाची: मग हिशोब करू. इथल्या बहुतेक वाहिन्या यूएचएफवर आहेत, ४७० ते ६०८ मेगाहर्ट्झ. मधला आकडा ५४० धरला, तर १४३ भागिले ५४०. साडेसव्वीस सेंटिमीटर. हँगर सरळ केला की मीटरभर तार निघते.

मामा: एकाच आकड्याला कापलीस तर दोन्ही कडांच्या वाहिन्या कमजोर पडतील. पट्टा केवढा रुंद आहे बघ.

भाची: म्हणून तार सरळ नाही ठेवायची. चौदा इंची तुकडा मधोमध वाकवून इंग्रजी व्हीसारखा करायचा, दोन टोकांत तीन इंचांचं अंतर. असे दोन व्ही, कोपरे एकमेकांकडे करून. ह्याला इथे बो-टाय म्हणतात. अशा चार जोड्या एका लाकडी पट्टीवर एकाखाली एक, आणि सगळ्यांना जोडणाऱ्या दोन लांब तारा.

मामा: पंख पसरले की तार जाड असल्यासारखी वागते आणि पट्टा वाढतो. बरोबर आहे. त्या दोन लांब तारा एकमेकींना ओलांडतात तिथे शिवू देऊ नकोस. शिवल्या तर सगळं बाद.

हे बोलताना त्यानं चष्मा लावला आणि तिचं चित्र स्वतःकडे ओढून घेतलं. वाद संपला नव्हता, पण आता तो टेबलाच्या एकाच बाजूला बसून चालला होता.

मामा: तू ‘बहुतेक’ म्हणालीस. सगळ्याच वाहिन्या यूएचएफवर नाहीत?

भाची: नाहीत. शिवाय पडद्यावरचा नंबर आणि हवेतला नंबर वेगळा असू शकतो. २ आणि ४ पूर्वी व्हीएचएफवर, म्हणजे खालच्या पट्ट्यात होत्या, आता यूएचएफवर गेल्यात, नंबर तेवढा लोकांच्या सवयीचा ठेवलाय. पण ७ खरोखरच ७ वर आहे, ११ खरोखरच ११ वर. आणि १३, म्हणजे पीबीएस, ती हवेत १२ वर आहे.

मामा: ७ म्हणजे १७४ ते १८०. १२ म्हणजे २१०पर्यंत. मग तुझा बो-टाय त्यांच्या कामाचा नाही. माहितीपट बघायचे म्हणून केबल तोडलीस आणि नेमकी तीच वाहिनी सोडणारा अँटेना करायला बसलीस. त्या तिघींना वेगळा डायपोल लागेल. ७ ला ऐंशी सेंटिमीटर, १२ ला एकोणसत्तर. मधलं पंचाहत्तर धर, तिन्हींना पुरेल. एका हँगरात बसतं.

भाची: म्हणजे हँगर चालेल?

मामा: मी तसं म्हणालो नाही.

इथून धातूवर गाडी आली आणि ह्या विषयात मामाला कुणी हरवू शकत नाही. हँगर लोखंडाचा, वरून वार्निशचा थर. जिथे जोड येणार तिथे कानस मारून धातू उघडा करायला हवा, नाहीतर स्क्रू कितीही आवळला तरी करंट पुढे जात नाही. लोखंडाला सोल्डर सहज धरत नाही, म्हणून वॉशर आणि स्क्रूच. इतक्या उच्च फ्रिक्वेन्सीला करंट तारेच्या पोटातून जात नाही, वरच्या सालीतून जातो; यूएचएफला तांब्यात ही साल तीनएक मायक्रॉनची असते. त्यामुळे गंज चढला की तो नेमका करंटच्या वाटेवर चढतो. लोखंडाचा इतक्या आखूड तारेत होणारा तोटा तसा मामुली आहे, हे मात्र त्यानं कबूल केलं. त्याचा राग होता तो जोडांवर.

मामा: घरात असेल तर हँगर चालून जाईल. बाहेर नाही. त्यापेक्षा वायरिंगच्या केबलमधली तांब्याची जाड तार काढ.

भाची: ती आहे माझ्याकडे. मागच्या वर्षी दिवा बसवला तेव्हाची उरलीय.

मामा: आणि केबलला जोडणार कशी? आमच्याकडे सुरुवातीला चपटी फ्लॅट वायर होती, तीनशे ओहमची. तुमची ही गोल केबल पंचाहत्तरची. बो-टायचा हिशोब तीनशेच्या जवळचा. मध्ये दोन्ही जुळवणारा बलून लागेल.

भाची: हा बघ, आणलाय. दुकानातून, तीन-चार डॉलरला.

मामा: म्हणजे तू सगळंच घरातलं वापरत नाहीयेस.

भाची: मी कधी म्हटलं तसं? जे मोजून, वाकवून, कापून होतं ते मी करणार. जे होत नाही ते विकत. पाठीमागे रिफ्लेक्टर म्हणून ओव्हनची जुनी जाळी लावणार, चार इंच अंतर ठेवून. त्यानं मागून येणारं अडेल आणि पुढचं वाढेल.

मामा: रिफ्लेक्टर पाहिजेच. आम्ही लावायचो त्याला तू अँटेना म्हणतेस, पण त्याचं नाव यागी-उदा. जपानात सेंदाईच्या विद्यापीठात १९२६ साली निघाला. मागे जराशी लांब दांडी, ती रिफ्लेक्टर. मग डायपोल. पुढे आखूड आखूड दांड्या, त्या डायरेक्टर. केबल फक्त डायपोलला, बाकीच्या दांड्या कशालाच जोडलेल्या नाहीत, तरी काम करतात. पहिल्यांदा समजलं तेव्हा मी दिवसभर त्याच विचारात होतो.

ह्या अँटेनाचे बहुतेक सारे प्रयोग उदा ह्यांनी केले, आणि १९२८ साली यागींनी इंग्रजीत निबंध छापला म्हणून जगात नाव यागींचंच झालं. भारतातल्या लाखो गच्च्यांवर ज्यांचं काम उभं होतं त्या माणसाचं नाव आपल्याकडे कुणी घेत नाही, ह्याची मला खंत वाटते. भाऊ आजही ‘यागी-उदा’ असं पूर्ण म्हणतो.

मामा: आता माझा मुद्दा ऐक. तुमच्याकडे हे सगळं डिजिटल ना?

भाची: हो. १२ जून २००९ला इथली मोठ्या ताकदीची सगळी अ‍ॅनालॉग केंद्रं बंद झाली.

मामा: मग घरगुती अँटेनाला जागा उलट कमी झाली. आमच्या वेळी माप चुकलं तरी मुंग्यांत का होईना माणूस दिसायचा. समोर डोंगर असला तर एकाच्या दोन आकृत्या दिसायच्या, पण दिसायच्या. गच्चीवरचा एक, जिन्यातला एक आणि टीव्हीसमोरचा एक, तिघं ओरडून ओरडून तोंड जुळवायचो. डिजिटलला तसं नाही. पुरेसं आलं तर लख्ख, थोडं कमी पडलं तर चौकोन चौकोन, त्याहून कमी पडलं तर काळा पडदा. चूक किती आहे ते कळतच नाही. अशा ठिकाणी कारखान्यात मोजून केलेली वस्तू घ्यावी.

भाची: मामा, दुकानातल्या किती अँटेनावर माप असतं? खोक्यावर लिहितात, इतक्या मैलांवरचं पकडतो. भिंतीला चिकटवायचा पातळ कागदासारखा असतो तो. त्यात ७, ११, १३ साठी पंचाहत्तर सेंटिमीटरची जागा कुठे आहे? तूच आत्ता सांगितलंस, लांबी नसेल तर लहर विचारत नाही. ती दुकानातल्यालाही विचारणार नाही.

मामाला ह्यावर लगेच उत्तर सुचलं नाही. मला हा तिचा सर्वांत बळकट मुद्दा वाटतो. घरी केलेला आणि विकत आणलेला, दोन्ही अँटेना एकाच नियमाला बांधलेले आहेत. ज्याला तो नियम ठाऊक आहे तो खोक्यावरच्या मैलांना फसत नाही, मग त्यानं विकत घेतला तरी. हातानं एकदा करून पाहण्याचा खरा उपयोग मला इथे दिसतो.

भाची: आणि अजून एक. केबल काय, इंटरनेट काय, दर महिन्याला कुणाला तरी पैसे दिले तरच चालू राहतं. ही लहर माझ्या बाल्कनीवरून आत्ता जातेय. ती घ्यायला मला कुणाची परवानगी नको. इथे १९९६चा केंद्रीय नियम आहे. घरमालक किंवा सोसायटी, माझ्या एकटीच्या वापरातल्या जागेत, म्हणजे ह्या बाल्कनीत, टीव्हीचा अँटेना लावायला बंदी करू शकत नाही.

मामा: गच्चीवर?

भाची: गच्ची सगळ्यांची. तिथे हा हक्क लागू नाही.

मामा: मग ठीक आहे.

भाची: २०१२ला सॅंडी वादळ आलं तेव्हा वीज गेली, इंटरनेट गेलं. वादळाच्या पट्ट्यातल्या दहा राज्यांत मिळून पावएक मोबाइल टॉवर बंद पडले होते. तेव्हा ज्यांच्याकडे अँटेना होता...

मामा: वीज गेल्यावर टीव्ही कशावर चालवणार होतीस?

भाची: बॅटरीवरचा छोटा टीव्ही मिळतो. गाडीतल्या इन्व्हर्टरवरही चालतो.

मामा: आणि टॉवरच गेला तर?

भाची: तेही झालंय. ११ सप्टेंबर २००१ला न्यूयॉर्कच्या बहुतेक वाहिन्यांचे ट्रान्समीटर वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या उत्तर मनोऱ्यावर होते. त्या दिवशी तिथे काम करणारे सहा प्रसारण अभियंते गेले. २ नंबरच्या वाहिनीचा राखीव ट्रान्समीटर एम्पायर स्टेटवर होता, म्हणून ती अँटेनावर दिसत राहिली. बाकी बहुतेक पडदे कोरे.

मामा काही वेळ बोलला नाही. ट्रान्समीटरपाशी ड्यूटी करणाऱ्या माणसांबद्दल त्याला फार आदर आहे. सिंहगडावर पावसाळ्यात धुक्यात बसून प्रसारण चालू ठेवणाऱ्यांविषयी तो नेहमी बोलतो.

मामा: फुकट म्हणतेस ते कुणाच्या तरी ड्यूटीवर चालतं, एवढं लक्षात ठेव म्हणजे झालं. आमच्याकडे तेच थांबलं. देशातले बहुतेक अ‍ॅनालॉग ट्रान्समीटर २०२१-२२ मध्ये बंद केले. आता फुकट बघायचं तर डीडी फ्री डिश. डिशच्या छत्रीचा खर्च एकदाच, महिन्याला काही नाही. गोरगरिबाला तेच परवडतं आणि चित्रही चांगलं. मी स्वतः बसवून दिल्यात. पण तिथे घरगुती काही चालत नाही. छत्रीचा आकार जरा बिघडला की गेलं, आणि तोंडावरचा सिग्नल घेणारा एलएनबी काही हँगरचा होत नाही. मी बसवलेल्या अँटेनांना आज पकडायला काही उरलेलं नाही. भंगारवाल्यानं किलोवर नेले.

भाची: इथे उरलंय, मामा. म्हणून तर म्हणते, तू इथे आहेस तोवर करू या.

मामा: करू. पण घरात आणि बाल्कनीत. छपरावर पाइप घेऊन चढायचं नाही, कधीच नाही. तुला वाटतं मी हौसेवर पाणी टाकतो. पाइप उभा करताना तो विजेच्या तारेला लागून गेलेली माणसं मला माहीत आहेत. ओल्या पत्र्यावरून घसरलेली माहीत आहेत. उंच पाइपवर अँटेना लावायचा तर पाइपला आणि केबलला अर्थिंग पाहिजे, ते आमच्याकडे शंभरात एकानं केलं असेल. ‘काटकसर’ म्हणून जे गच्चीवर उभं राहिलं त्यानं काही घरांचे कर्ते पुरुष नेले. तुझ्या मैत्रिणींना छत्रीची गोष्ट सांगायची तर हीही सांग.

ह्यावर लेकीनं वाद घातला नाही.

अँटेना झाला. लाकडी पट्टीवर तांब्याचे बो-टाय, मागे ओव्हनची जाळी, आणि वरच्या अंगाला पंचाहत्तर सेंटिमीटरचा वेगळा डायपोल. दोन अँटेनांच्या केबली एकत्र करायला यूएचएफ-व्हीएचएफ कम्बायनर विकत आणला. साध्या जोडणीत दोघं एकमेकांचा सिग्नल खातात, हे मामानं आधीच सांगितलं होतं. दिवाणखान्यातल्या खिडकीच्या आत ठेवला तेव्हा काहीच धड येईना. इथल्या नव्या काचांना उष्णता अडवायला धातूचा अतिशय पातळ थर दिलेला असतो, आणि तो लहरही अडवतो. बाल्कनीत, न्यूयॉर्ककडे तोंड करून ठेवल्यावर २, ४ आणि ५ लगेच लागल्या. ७, ११ आणि १३ साठी डायपोल बाल्कनीच्या लोखंडी कठड्यापासून हातभर वर घ्यावा लागला. टीव्हीच्या मेनूत सिग्नलची पट्टी असते. ओरडायची गरज पडली नाही, मामा स्वतःच पट्टी बघून माप सांगत होता. तोंड फिरवलं किंवा उंची बदलली की वाहिन्या पुन्हा स्कॅन करायच्या, एवढं नवीन त्याला शिकावं लागलं.

माझं मत विचाराल तर भावाचं पहिलं म्हणणं मी आजही धरून आहे: गरजेपोटी केलेल्या वस्तूचं नुसतं कौतुक करून तिच्यामागची टंचाई झाकू नये. पण लेकीनं केलं ते योग्यच होतं, कारण तिनं छत्रीच्या गोष्टीवर न थांबता त्यामागचं माप विचारलं. ज्ञान टंचाईत मिळालं म्हणून ते टंचाईबरोबर संपू द्यायचं का? सासवड, सातारा, बार्शी, कणकवलीत भावाच्या वयाचे कितीतरी कारागीर आहेत, ज्यांच्या हातात हे माप आहे आणि ज्यांना ते आता कुणी विचारत नाही. त्यांना विचारा.

आणि महाराष्ट्रातल्या वाचकाला टीव्हीची लहर मिळत नसली तरी रेडिओची मिळते. पुण्यात विविध भारती १०१ मेगाहर्ट्झवर लागते. १४३ भागिले १०१, म्हणजे एक मीटर बेचाळीस सेंटिमीटर. एवढी कोणतीही तांब्याची तार घ्या, मधोमध तोडा, दोन तुकडे एका रेषेत ताणून बांधा, मधली दोन टोकं केबलनं रेडिओच्या अँटेनाच्या खोबणीला जोडा. आडवी लावून ऐका, मग उभी लावून ऐका, जी बरी वाटेल ती ठेवा. मुलांना तुमच्या गावच्या एफएम केंद्राचा आकडा घेऊन भागाकार स्वतः करू द्या. फक्त तार खोलीच्या आत, भिंतीवरच बांधा, आणि छपरावर काही उभं करायचं असेल तर अर्थिंग जाणणारा माणूस बोलवा.